तंबाखू, मांजर आणि रजेचे तीन अर्ज

आमच्या चित्रपटाला १२ ऑगस्ट २०२५ रोजी सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं. २ जूनला सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून मी पोर्टलवर खातं उघडायला बसले होते, तिथपासून मोजले तर ७१ दिवस. त्या दिवसांत ओळखीच्या-अनोळखी माणसांना इतके बावळट प्रश्न विचारले, की आता माझा नंबर दिसला तरी ते फोन पालथा ठेवत असतील. पुढच्या कुणाला तेवढे फोन करायला लागू नयेत म्हणून हे लिहितेय. चित्रपटाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लगेच जाहिरात होते.

गोष्ट मात्र सांगावीच लागेल, कारण सगळे घोळ तिच्यातूनच निघाले. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. शाखाधिकारी वसुधाबाई, वय ४१, लग्न केलेलं नाही. रोखपाल श्रीकांत, वय ३४, घरचे मुली दाखवून दाखवून टेकीला आलेत. बाईंचा त्याच्यावर जीव जडतो. पण ती साहेब, तो हाताखालचा, बोलणार कसं? मग ती तिच्या हातात आहे तेवढं करते. त्याचा मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला की रजा नामंजूर. एकदा मार्चअखेर म्हणून, एकदा ऑडिट म्हणून आणि तिसऱ्यांदा नुसतंच ‘कामाची निकड’. मी १९ वर्षं बँकेत काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहताना पोटात काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. त्यामुळं तो भाग लिहिताना हात सुटला होता.

पैसे माझ्या मावसभावाचे. विजूदादाची सांगलीत हळदीची अडत आहे. चित्रीकरण २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, २६ दिवस, एका बंद पडलेल्या पतसंस्थेच्या कचेरीत. भाडं दिवसाला अडीच हजार, आणि त्यात काउंटरच्या जाळ्या, लाकडी खण, जुनी मस्टरं, भिंतीवरचे फोटो सगळं आयतं. कलादिग्दर्शकानं पहिल्या दिवशी हात जोडून म्हटलं होतं, ‘ताई, मला काही करायलाच ठेवलं नाही.’ आयतं मिळालेलं हे सगळं पुढं एकेक करून कागद मागणार आहे, हे तेव्हा कळायला हवं होतं.

नावाची नोंदणी आम्ही आधीच केली होती, ते एक बरं झालं. मराठी चित्रपटाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात नोंदवता येतं. त्यांची मुख्य कचेरी कोल्हापुरात, म्हणजे आम्हाला तासा-दीड तासाचा रस्ता. आधी निर्मात्याचं सभासदत्व, मग नाव. आम्ही मनाशी धरलेली पहिली दोन नावं कुणीतरी आधीच घेतलेली होती, तिसरं मिळालं. पोस्टर छापून बसला असाल तर या पायरीवर रडू येईल. तेव्हा नाव पक्कं होईपर्यंत केकवरसुद्धा लिहू नका. (आम्ही लिहिलं होतं.)

एप्रिलमध्ये संकलन संपलं. तेव्हा मुंबईतल्या एकानं एजंटाचा नंबर दिला. ‘सगळं करून देतो, ४५ हजार, वरचा खर्च वेगळा.’ मी भांबावलेली होते, हो म्हणायच्या बेतात होते. विजूदादा म्हणाला, ‘मी स्वतः अडत्या आहे. अडत कशाबद्दल घेतात मला कळतं. माल तुझा, कागद तुझे, अर्ज ऑनलाइन. तो नेमकं काय उचलून कुठं ठेवणार आहे?’ त्याला उत्तर देता येईना, म्हणून मीच बसले. आता सांगते, एजंट लागत नाही. लागतो तो वेळ आणि जरा कारकुनी स्वभाव.

तर ई-सिनेप्रमाण, म्हणजे सेन्सॉरसाठी ऑनलाइन अर्ज करायचं पोर्टल. मंडळाच्या नावात १९८३ पासून ‘सेन्सॉर’ हा शब्द नाही, ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे, पण आमच्याकडं अजून सगळे सेन्सॉरच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. खातं निर्मात्याच्या नावानं उघडतं, त्याची ओळखपत्रं लागतात. विजूदादाच्या पॅनकार्डावर एक स्पेलिंग आणि महामंडळाच्या पत्रावर दुसरं, यात पहिले दोन दिवस गेले.

मग अर्ज. कथासार, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, गाण्यांचे शब्द, नावनोंदणीचं पत्र, मालकीची आणि जबाबदारीची हमीपत्रं, चित्रपटाची नेमकी लांबी आणि पूर्ण संवाद. या संवादांपाशी मी अडकले. माझ्याकडं पटकथा होती, तीच चढवणार होते. ‘तुम्ही काय लिहिलं होतं ते नको, पडद्यावर काय बोललं जातंय ते हवं,’ असं एका अनुभवी सहायक दिग्दर्शकानं वेळेवर सांगितलं म्हणून वाचले. कानाला हेडफोन लावून सहा दिवस चित्रपट थांबवत थांबवत टंकला. तेव्हा कळलं की आमचा मारुती शिपाई झालेला नट दोन ठिकाणी स्वतःच्या मनानं एक शब्द घालून गेलाय. सांगलीत तो शब्द प्रेमानं वापरतात. लिहून काढल्यावर तो प्रेमळ दिसेना.

९ जूनला अर्ज आणि शुल्क भरलं. शुल्क लांबीवर ठरतं, पोर्टल स्वतःच हिशोब करून दाखवतं. १६ जूनला उत्तर आलं. अर्ज अपुरा. चूक सर्वस्वी माझी.

अर्जात एक प्रश्न असतो, तंबाखूजन्य पदार्थ दाखवले आहेत का. मी ‘नाही’ लिहिलं होतं, कारण आमच्याकडं कुणीही सिगारेट ओढत नाही. पण मीच सहा दिवस बसून टंकलेल्या संवादांत कंसात आठ वेळा होतं: ‘मारुती तंबाखू मळतो.’ डाव्या तळहातावर चिमूट, अंगठ्याच्या नखानं चुना, मग वरून दोन थापा. लहानपणापासून बसस्टँडवर, बँकेत, देवळाच्या पायरीवर हे इतकं बघितलंय की ते ‘तंबाखूचं दृश्य’ आहे असं डोक्यातच आलं नाही. नियम सिगारेटइतकाच मळलेल्या तंबाखूलाही लागू आहे. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी ३० सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत, शिवाय दोन्ही वेळा २० सेकंदांचा दुष्परिणाम सांगणारा इशारा, आणि जिथं जिथं मारुती मळतो तिथं खाली ठळक ओळ, चित्रपटाच्या भाषेत. म्हणजे एकूण १ मिनिट ४० सेकंद वाढले. लांबी वाढली म्हणजे अर्जातली, लॅबच्या पत्रातली आणि हमीपत्रातली लांबीही बदलली. हे तिन्ही आकडे सेकंदापर्यंत जुळायला लागतात. ज्यांनी कधी रोकड जुळवली असेल त्यांना हे नवीन नाही. संध्याकाळी सात वाजता एक रुपया कमी येतो, तीच जात.

दुसरी गोष्ट मांजर.

त्या कचेरीत एक मांजर राहायचं. करड्या रंगाचं, एक कान फाटलेला, संस्था बुडाली तरी त्यानं नोकरी सोडली नव्हती. दुसऱ्या रजेच्या प्रसंगात वसुधाबाई अर्जावर लाल पेन टेकवतात आणि त्याच क्षणी ते मांजर टेबलावरून उडी मारून श्रीकांतकडं बघतं. आम्ही बघायला लावलं नव्हतं, ते आपणहून बघत होतं. संकलन करताना आम्ही त्यावर लट्टू होतो. पण प्राणी दिसला की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र आलं. त्यांची कचेरी हरियाणात बल्लभगढला आहे, आणि त्यांच्याकडं जायचं ते चित्रीकरणाच्या आधी: कोणता प्राणी, काय करणार, डॉक्टर कोण, सगळं कळवून. आमचं मांजर कुणाचंच नव्हतं आणि आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा तीन शॉट काढून टाकले, ११ सेकंद. तुमच्या पटकथेत बैल, कुत्रा, पोपट काही असेल तर पहिला कागद तो करा. पटकथेत नसेल आणि सेटवर असेल तर त्याला आधी बाहेर काढा, कितीही गोड बघत असलं तरी.

२७ जूनला सुधारलेला अर्ज गेला. नवी लांबी १ तास ५३ मिनिटं ३९ सेकंद. मग काहीच होईना. आषाढी आली, झाली. मी दिवसातून चार वेळा पोर्टल उघडायचे, ‘प्रक्रियेत’ हा शब्द वाचायचे आणि बंद करायचे. ८ जुलैला निरोप आला, १५ तारखेला सकाळी अकरा वाजता समितीला चित्रपट दाखवायचा. थिएटरची सोय अर्जदारानं करायची. अंधेरीत एक छोटं प्रीव्ह्यू थिएटर मिळालं, बारा हजार.

१४ जुलैच्या रात्री मी आणि आमचा संकलक निखिल महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. चित्रपटाची ड्राइव्ह मी पिशवीत नाही, ब्लाउजच्या कापडात गुंडाळून उशाशी घेतली होती. झोप येईना म्हणून मंडळाची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचत पडले. बरंचसं अपेक्षित होतं. स्त्रियांना हीन दाखवू नये, मादक पदार्थांचं गुणगान नको, वगैरे. पण एक कलम मला धीर देऊन गेलं: चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून जोखावा. पुण्यानंतर कधीतरी डोळा लागला.

थिएटरवर आम्ही नऊ वाजता पोचलो, आणि तसे पोचलो म्हणूनच वाचलो. तिथल्या सर्व्हरला आमची ड्राइव्ह दिसेना. पडद्यासाठीचं पॅकेज, म्हणजे थिएटरात दाखवायची चित्रपटाची डिजिटल प्रत, ज्या ड्राइव्हवर देतात ती लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली लागते, निखिलनं घाईत ती घरच्या कॉम्प्युटरसारखी केली होती. तो ड्राइव्ह घेऊन भर पावसात रिक्षानं एका मित्राच्या स्टुडिओत पळाला. दहा पंचेचाळीसला परत आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, ड्राइव्ह शर्टाच्या आत. सर्व्हरवर चढवायलाही वेळ लागतो, त्यामुळं अकराचा खेळ साडेअकराला सुरू झाला. सदस्यांनी काही बोलून दाखवलं नाही. मी मात्र तेवढ्यात तीन वेळा माफी मागितली. आदल्या दिवशी ड्राइव्ह तपासून घ्यायला थिएटरवाले हजारभर रुपये मागत होते, ते मी वाचवले होते!

चार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी. सदस्यांत दोघी बायका. चित्रपट चालू असताना आपण बाहेर. बाहेर म्हणजे एक अरुंद बोळ, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि कापूस लावून जाड केलेलं दार. मी त्या दाराला पाठ लावून उभी राहिले. संवाद ऐकू येत नव्हते, फक्त सूर कळत होता. मला अख्खा चित्रपट सेकंदाला पाठ, त्यामुळं आता मार्चअखेरची रजा, आता मारुतीचा चहा, असं मनात चाललं होतं. पहिल्या रजेला आतून हसू आलं. दुसऱ्या रजेला, मांजर नसतानाही, आलं. तिसऱ्या रजेला काहीच आलं नाही. मी निखिलकडं बघितलं. तो म्हणाला, ‘दार जाड आहे.’

दीडच्या सुमारास सदस्य आपापलं मत लिहीत होते तेवढा वेळ आणखी थांबलो, मग मला आत बोलावलं. मी वाद घालायची तयारी करून गेले होते, पदर खोचून. त्याची गरजच पडली नाही. अधिकाऱ्यांनी शांतपणे एकेक मुद्दा वाचला. मारुतीचा तो शब्द दोन्ही ठिकाणी मूक करा. ढाब्यावरच्या प्रसंगात मद्यपानाचा इशारा आहे, पण अक्षरं बारीक आहेत. भिंतीवर हार घातलेला फोटो कुणाचा?

फोटो त्या बुडालेल्या संस्थेच्या संस्थापकांचा होता. खरा माणूस, दिवंगत. आम्ही आयता मिळाला म्हणून तसाच ठेवला, आणि चित्रपटात वसुधा आणि श्रीकांत काउंटरखाली पहिल्यांदा एकमेकांचा हात धरतात तो नेमका त्याच फोटोखाली. वारसांची संमती आणा किंवा तो पुसट करा.

मग एका बाईंनी विचारलं, ‘केबिनशेजारचा बोर्ड कुणी लावला?’ कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कचेरीत त्याखाली अंतर्गत समिती लागते आणि तिची माहिती ठळकपणे लावावी लागते. आमच्या संस्थेत अकरा माणसं दाखवली आहेत. कलादिग्दर्शकानं कुणी न सांगता तो बोर्ड रंगवून लावला होता. मी खूश होऊन त्याचं कौतुक करणार, तोच त्या म्हणाल्या, ‘बोर्ड छान आहे. त्यावरचा मोबाइल नंबर कुणाचा आहे?’ नंबर त्याचा स्वतःचाच होता! दहा आकडे लिहायचे म्हणून हाताला आले ते लिहिले. चित्रपट लागल्यावर त्याला किती तक्रारी ऐकायला लागल्या असत्या कोण जाणे. तो पुसट करायचा ठरलं.

आणि मग दुसऱ्या बाई, साठीच्या असाव्यात, सुती साडी, मांडीवर मिटलेली वही. त्या म्हणाल्या, ‘हे बदलात येत नाही, मी सहज विचारतेय. रजा नाकारण्याची गंमत आहे, मीही हसले. पण त्या श्रीकांतला शेवटपर्यंत कळतं का, की रजा कामामुळं नाही, बाईंच्या मनातल्या गोष्टीमुळं नाकारल्या? तो तर बसल्या जागी बाईंशी लग्नाला हो म्हणतो.’

मी तोंड उघडलं आणि उत्तर सापडेना. नाही कळत. प्रेक्षकाला कळतं, शिपायाला कळतं, त्याला नाही. चार वर्षं ही गोष्ट मी डोक्यात घेऊन फिरले आणि हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. खरं तर मला तो पडायला हवा होता. बँकेत असताना माझी बहिणीच्या साखरपुड्याची रजा नाकारली गेली होती, आणि का ते मला सहा वर्षांनी, साहेब निवृत्त झाल्यावर कळलं. कारण रागाचं होतं, प्रेमाचं नव्हतं. पण कळलं तेव्हा खुर्चीत बसून राहिले होते तो दिवस मला आठवतो.

मी एवढंच म्हणाले, ‘एक प्रसंग चित्रित केला होता. काढून टाकला.’

तो प्रसंग असा. श्रीकांत स्टॅम्पपॅड शोधायला बाईंचा खण उघडतो. आत त्याचे तिन्ही अर्ज, क्लिपमध्ये. तिन्हींवर आधी ‘मंजूर’ लिहून सही केलेली, मग लाल रेघेनं खोडून वर ‘ना’ घातलेला. तो ते बघतो, पुन्हा तसेच ठेवतो आणि खण अर्धा उघडा ठेवून निघून जातो. ५२ सेकंद, एकही शब्द नाही. संकलनात वाटलं होतं, विनोदी चित्रपट इथं बसतो.

मी अधिकाऱ्यांना विचारलं, आता काही वाढवता येतं का. त्यांनी सांगितलं, तुम्हाला स्वतःहून काही करायचं असेल तर आताच, प्रमाणपत्राआधी कळवा आणि तो भाग बदलांसोबत पाहायला द्या. प्रमाणपत्रानंतर चित्रपटाला हात लावला तर तो पुन्हा मंडळाला दाखवून नोंद करून घ्यावी लागते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रमाणपत्र मिळालं की गाणं छोटं करणं, शेवट बदलणं हे आपल्या मनानं करता येत नाही. वर्गवारीची कल्पनाही तिथंच मिळाली, ‘यूए १३+’. मान्य नसेल तर पुनर्निरीक्षण समितीकडं जाता येतं आणि तिथंही पटलं नाही तर उच्च न्यायालयात. मध्ये पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये रद्द झालं. मला कुठंच जायचं नव्हतं. मला खण उघडायचा होता.

२२ जुलैला पोर्टलवर रीतसर पत्र आलं, तोंडी सांगितलं होतं तेच. शब्द मूक करणं, अक्षरं मोठी करणं ही एका दुपारची कामं. नंबर पुसट करायला साडेसहा हजार, कारण त्या शॉटमध्ये कॅमेरा हलतो. फोटोच्या संमतीसाठी मात्र गावी गेले. संस्थापकांच्या सूनबाई घरी होत्या. पोहे केले, चहा केला, मग कागद हातात घेतला.

‘पिच्चर कशावर आहे?’

मी सांगितलं. साहेबीणबाई आणि हाताखालचा मुलगा, त्यांचं जमतं.

‘आमच्या मामंजींच्या फोटोखाली?’

मी मान खाली घातली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘हार ताजा होता का?’ होता, रोज नवा घालायचो. त्यांनी सही केली, आधार कार्डाची प्रत दिली. निघताना म्हणाल्या, मामंजींनी आयुष्यात एकच लग्न जुळवलं, ते मोडलं. हे तरी टिकू दे.

२९ जुलैला सगळे बदल, संमतिपत्र आणि वाढवलेला ५२ सेकंदांचा भाग, कुठल्या मिनिटाला काय केलं याच्या तक्त्यासकट दिला. असा तक्ता पहिल्यापासून ठेवा. जुना काळ, नवा काळ, काय केलं, किती सेकंद. मी खतावणीसारखी वहीच घातली होती. ६ ऑगस्टला बदल तपासून झाले. यावेळी मी पेडर रोडच्या कचेरीत कागद द्यायला गेले होते, फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात नवव्या मजल्यावर. काम अर्ध्या तासात संपलं. त्याच आवारात गुलशन महालात भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. रात्रीच्या गाडीला वेळ होता, तिथं फिरत बसले. तुम्हीही कचेरीत गेलात तर तास हाताशी ठेवा. जुने भलेमोठे कॅमेरे बघून आपल्या ११ सेकंदांच्या मांजराचं दुःख जरा हलकं होतं.

१२ ऑगस्टला अंगारकी होती. मी गणपतीच्या देवळात रांगेत उभी होते, पुढं दीडशे माणसं, आणि फोन वाजला. निखिल. ‘ताई, आलं.’ मी रांग सोडली नाही, पण प्रमाणपत्र तिथंच फोनवर मोठं करून वाचलं. ‘यूए १३+’, लांबी ११४ मिनिटं ३१ सेकंद. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात आम्ही काय काढलं, काय मूक केलं, काय घातलं त्याची नोंद. मागच्या आजींनी विचारलं, ‘रिझल्ट लागला का?’ मी म्हटलं, हो, पास.

विजूदादाचं तोंड जरा उतरलं. त्याला ‘यू’ हवं होतं, लेकरंबाळं घेऊन लोक येतील म्हणून. त्याला समजावलं, ‘यूए १३+’ म्हणजे तेरा वर्षांखालच्यांना बंदी नाही, आईबापांनी ठरवायचं. ७+, १३+, १६+ अशा या पायऱ्या २०२३ च्या कायदादुरुस्तीतून आल्या. त्याच दुरुस्तीनं प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही गेली, आता ते कायमचं. ‘कायमचं’ म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. व्यापारी माणूस.

खर्च सांगते, कारण कुणी सांगत नाही. मंडळाचं शुल्क सोडून: दाखवण्यासाठीचं पहिलं पॅकेज २८ हजार, प्रमाणपत्राची पाटी लावून दुसऱ्यांदा केलं ते १५ हजार, थिएटर १२ हजार, पुसट करणं साडेसहा हजार, ड्राइव्ह साडेचार हजार, दोघांचं जाणं-येणं-खाणं नऊ हजारांवर. पाऊण लाख धरा. पहिलं पॅकेज साधं, डिजिटल कुलूप न लावलेलं चालतं आणि स्वस्तात होतं. मी अंतिम समजून महागडं केलं ते वाया गेलं. प्रमाणपत्राची पाटी सुरुवातीला लावावी लागते, म्हणजे शेवटचं पॅकेज प्रमाणपत्रानंतरच होणार, हे साधं गणित मला जूनमध्ये सुचलं नाही. महोत्सवापुरतंच दाखवायचं असेल तर सूट मिळण्याची वाट वेगळी आहे आणि फक्त ओटीटीवर जाणार असाल तर हे प्रमाणपत्र लागत नाही. पण आम्हाला सांगलीच्या पडद्यावरच लावायचा होता, त्याला इलाज नव्हता.

१९ सप्टेंबरला लागला. पितृपक्षात. विजूदादाच्या घरी यावरून दोन दिवस अबोला होता, पण पक्षात मोठे चित्रपट येत नाहीत म्हणून तर आम्हाला दुपारचे खेळ मिळाले. पहिल्या खेळाला चाळीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी आमचीच. मी शेवटच्या रांगेत. दिवे गेले. पडद्यावर प्रमाणपत्र आलं: नाव, लांबी, सह्या. माझा ७१ दिवसांचा संसार तिथं होता, मी श्वास धरून एकेक ओळ वाचत होते. दहा सेकंद फार मोठे असतात.

पुढच्या रांगेतून एक काका म्हणाले, ‘आरं, पुढं ढकल की. पेपर वाचायला आलोय व्हय?’